नळाची धार का बारीक होते?

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात तिळारी धरणाचे पाणी चांदेलच्या प्रकल्पात शुद्ध होऊन येते. ते मीटरपर्यंत जोरात पोचत असेल आणि स्वयंपाकघरात मात्र करंगळीएवढी धार पडत असेल, तर दोष बहुतेकदा घरातल्याच पाइपचा असतो. आधी दोन्हीकडे तीच बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा. मीटरजवळही वेळ लागत असेल तर घर फोडू नका, पाणीपुरवठा खात्याकडे तक्रार करा.

पेडणे-डिचोलीतल्या जुन्या घरांत चिऱ्यांच्या भिंतीत अर्ध्या इंची जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप गाडलेले असतात. जस्ताचा थर झिजला की लोखंड गंजते. जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी किंचित आम्लधर्मी असते, त्याने गंज लवकर चढतो. गंज साचून आतला व्यास निम्मा झाला तर प्रवाह निम्मा नव्हे, साधारण सहाव्या हिश्श्यावर येतो! सकाळी पहिले पाणी तांबूस येणे ही गंजाची ठळक खूण.

गंजका तुकडा तेवढा बदलणे मला पैसे वाया घालवणे वाटते, पुढचा पाइप तसाच तुंबलेला असतो. मुख्य लाइन पाऊण इंची सीपीव्हीसी प्लास्टिकची घ्या, अर्धा इंच फक्त नळापाशी. कोपरे कमी ठेवा. उन्हातला पाइप रंगवा किंवा झाका.

छतावरची टाकी नळापेक्षा जितकी उंच, तितका दर मीटरला दाब चौरस सेंटिमीटरमागे सुमारे 0.1 किलोने वाढतो. सरकारी लाइनला थेट पंप मात्र कधीही जोडू नका. शेजाऱ्याचे पाणी तुटते आणि फुटक्या सांध्यांतून गटाराची घाण आत ओढली जाते.