अधिकार राज्याचा, तिजोरी कोणाची?

पुण्यातील एखाद्या शाळेच्या वा कचेरीच्या पगारपत्रकावर कपातीचे जे रकाने असतात, त्यांपैकी दोन रकाने दोन वेगवेगळ्या सत्तांचे आहेत. प्राप्तिकराचा रकाना केंद्राचा आणि व्यवसाय कराचा रकाना राज्याचा. प्राप्तिकर वेतनाबरोबर चढत जातो. व्यवसाय कर मात्र अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असा वर्षाला २,५०० रुपयांवर थांबतो. प्राचार्य आणि त्यांच्या कचेरीतील लिपिक यांच्या वेतनात कितीही अंतर असले, तरी या एका रकान्यात दोघे सारखेच. फेब्रुवारीतील त्या जादा शंभर रुपयांचे पगारदाराला दरसाल थोडे नवल वाटते आणि मार्चमध्ये तो ते विसरूनही जातो. वस्तुतः २,५०० चा हा आकडा मुंबईत मंत्रालयात ठरलेला नाही. तो राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात लिहिलेला आहे आणि तो बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. कर राज्याचा, परंतु त्याची कमाल मर्यादा दिल्लीने आखलेली, असा हा प्रकार आहे.

केंद्र आणि राज्ये यांच्यातील अधिकारविभागणीची चर्चा बहुधा सातव्या परिशिष्टातील तीन सूच्यांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. १९३५ च्या कायद्यातील आराखडा पुढे चालवून घटनाकारांनी संरक्षण, चलन, रेल्वे हे विषय केंद्राला दिले; पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, पाणी हे राज्यांना दिले; आणि काही विषय समवर्ती ठेवले. करांची वाटणी करताना मात्र वाढत्या उत्पन्नाची साधने बव्हंशी केंद्राच्या पदरात पडली. ही तफावत भरून काढण्यासाठी २८० व्या कलमान्वये वित्त आयोगाची योजना झाली. तथापि, वाट्याला आलेली रक्कम आणि स्वतः उभारलेली रक्कम यांत केवळ हिशेबाचा फरक नाही. स्वतःचा कर हाताशी असला, म्हणजे राज्याला काय करता येते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रानेच देशापुढे ठेवले आहे.

तासगावपासून दिल्लीपर्यंत

१९७१ मध्ये पुण्यातील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. ग्रामीण भागात मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामे काढून गरिबांना रोजगार द्यावा आणि त्याचा भार सुस्थितीतील वर्गाने उचलावा, असा त्यांचा आग्रह होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात अशा प्रकारचा प्रयोग आधीच करून पाहिला होता. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर जगली. त्याच सुमारास रोजगार हमी योजना राज्यभर आली.

कल्पना आणि गरज दोन्ही होत्या; प्रश्न पैशाचा होता. राज्य सूचीतील ६० व्या नोंदीने व्यवसाय, व्यापार आणि नोकरी यांवर कर बसविण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. १९७५ मध्ये महाराष्ट्राने तो वापरला. व्यवसाय कराच्या जोडीला विक्रीकरावर आणि मोटार वाहन करावर अधिभार बसविण्यात आला आणि जमलेल्या रकमेइतकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावयाची, असे ठरले. मुंबई-पुण्याच्या पगारदाराने दरमहा काही रुपये द्यावेत आणि त्यातून दुष्काळी तालुक्यातील मजुराला काम मिळावे, असा हा व्यवहार होता. १९७७ मध्ये योजनेचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. घटनेच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्व म्हणून आहे. न्यायालयात तो मागता येत नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण मजुराला मात्र तो कायद्याने मिळाला, तोही दिवसांची मर्यादा न घालता. २००५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा पाव शतकाचा अनुभव देशापुढे होता. एका राज्याने प्रयोग करावा, तो पारखून पुढे देशाने स्वीकारावा, हा संघराज्याचा खरा लाभ होय.

आज हे शक्य आहे काय?

आज असाच एखादा नवा प्रयोग करावयाचा म्हटले, तर राज्याच्या हाती कोणती साधने उरली आहेत? व्यवसाय कराची घटनेतील मूळ मर्यादा वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये केली. त्यानंतर वेतन आयोगांमागून वेतन आयोग आले, महागाई कित्येक पटींनी वाढली. मर्यादा जागची हलली नाही. ती वाढवावी अशी शिफारस वित्त आयोगांनी करूनही संसदेने तिकडे लक्ष दिलेले नाही.

विक्रीकराचे साधन तर राज्याच्या हातून बरेचसे निसटले आहे. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीनंतर पेट्रोल, डिझेल यांसारखी काही इंधने आणि मद्य एवढ्यापुरताच तो अधिकार उरला. बाकी मालावर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. त्याचे दर परिषदेच्या शिफारशीने ठरतात. परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आहे आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे केंद्राच्या संमतीवाचून तेथे काही होऊ शकत नाही. या शिफारशी बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले खरे. परंतु एकट्या राज्याने वेगळी वाट धरणे व्यवहारात सोपे नाही. २०१८ च्या महापुराने केरळ उद्ध्वस्त झाले, तेव्हा आपल्याच नागरिकांकडून एक टक्का उपकर घेण्यासाठी त्या राज्याला परिषदेकडे जावे लागले. ऑगस्ट २०१९ पासून दोन वर्षांपुरता तो बसला. १९७५ च्या महाराष्ट्राला अशी परवानगी कोणाकडे मागावी लागली नव्हती.

यात भर केंद्राच्या उपकरांची. प्राप्तिकराच्या रकमेवर पगारदार ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर भरतो. सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय; शिक्षणही १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपर्यंत राज्याचेच होते. तरीही या उपकराचा वाटा राज्यांना हक्काने मिळत नाही, कारण उपकर आणि अधिभार हे वाटपाच्या रकमेत धरले जात नाहीत.

दुसरी बाजू

याला दुसरी बाजू आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. महाराष्ट्र हे तुलनेने सधन राज्य. मुंबई पदरी असल्यामुळे त्याला १९७५ मध्ये जे साधले, ते बिहारला साधणे कठीण होते. २००५ च्या कायद्याने बिहारच्या मजुरालाही हमी दिली, ती केंद्राच्या पैशावर. १५ व्या वित्त आयोगाने राज्यांच्या वाट्यापैकी ६.३१७ टक्के महाराष्ट्राला आणि १०.०५८ टक्के बिहारला दिले, यात अन्याय मानण्याचे कारण नाही. संघराज्यात सबलाने दुर्बलासाठी काही सोडावेच लागते.

शिवाय राज्याने स्वतःकडेही पाहावे. पुणे शहरातील जकात १ एप्रिल २०१३ पासून गेली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. २०१७ मध्ये तोही संपला. नाक्यांवरील ट्रकांच्या रांगा गेल्या, हे चांगलेच झाले. परंतु शहराच्या स्वतःच्या उत्पन्नाचा एक मोठा झरा आटला आणि महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईकडे डोळे लावून बसली. दिल्लीपुढे स्वायत्ततेची मागणी करणारे राज्य आपल्याच शहरांना ती किती देते? व्यवसाय कर रोजगार हमीसाठी म्हणून सुरू झाला. २००५ च्या कायद्याने अकुशल मजुरीचा भार केंद्राने उचलल्यावरही तो चालूच राहिला. त्याचा विनियोग कसा होतो, हे विचारण्याचा हक्क करदात्याला आहे.

नव्या कायद्याची कसोटी

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. हमी १०० दिवसांवरून १२५ दिवसांवर गेली. परंतु बहुतेक राज्यांना आता खर्चाचा ४० टक्के भार उचलावयाचा आहे. प्रत्येक राज्यासाठीची रक्कम केंद्र ठरवील आणि त्यापलीकडचा खर्च राज्याने सोसावा, अशीही तरतूद आहे. मजुराला अधिक दिवस काम मिळाले, तर ते स्वागतार्हच होय. प्रश्न एवढाच की, ज्या राज्यांनी हा भार उचलावयाचा, त्यांनी तो कोणत्या करातून उचलावा? खर्चाचा निर्णय एकाने घ्यावयाचा, भार दुसऱ्याने वाहावयाचा आणि भार वाहणाऱ्याचे करही पहिल्यानेच बांधून टाकावयाचे, ही व्यवस्था फार काळ निभणार नाही. राज्याचा हात आखडला, की जिल्ह्यातील कामे आखडतील. आणि कामावरून रिकाम्या हाती परत जाणाऱ्या मजुराला तीन सूच्यांचा खुलासा ऐकून समाधान वाटणार नाही.

यावर उपाय अशक्य कोटीतील नाहीत. व्यवसाय कराची मर्यादा वेतनमानाशी सुसंगत करावी आणि तिचा भार वरच्या वेतनश्रेणींवर पडेल, असे पाहावे. आपत्तीच्या काळात मर्यादित मुदतीचा उपकर बसविण्याची मुभा राज्यांना आपोआप मिळावी. केंद्राचे उपकर एका प्रमाणाबाहेर गेल्यास जादा रक्कम वाटपात यावी. आणि राज्यानेही हेच न्यायतत्त्व आपल्या महापालिकांना लावावे. यातील पहिल्या उपायाने शिक्षक, प्राध्यापक आणि अधिकारी यांच्या खिशाला थोडी चाट बसेल, हे खरे. १९७५ मध्येही ती बसली होती. आणि त्या पैशातून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत पाझर तलाव, बांध आणि रस्ते उभे राहिले. राज्यांना अधिकार हवेत, असे म्हणणाऱ्या सुशिक्षित वर्गाने त्या अधिकारांची किंमत मोजण्याचीही तयारी ठेवली पाहिजे.