आलापात पडलेली फट : संगणकावरील ध्वनिमुद्रणातील खंड कसा शोधावा?

भोपाळ हे ध्रुपदाचे एक महत्त्वाचे केंद्र. १९८१ मध्ये तेथे ध्रुपद केंद्र सुरू झाले आणि उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांनी तेथे दीर्घकाळ शिष्य घडविले. ध्रुपदाचा आलाप संथपणे उलगडतो. कधी तासभरही चालतो. त्या शहरातील नेहरू नगरात एखाद्या घरी वयोवृद्ध गायकाचा असा आलाप लॅपटॉपवर मुद्रित केला जात आहे, अशी कल्पना करावी. गायन संपते, मुद्रण ऐकले जाते आणि चाळिसाव्या मिनिटाला ‘टक्’ असा आवाज येऊन स्वर क्षणभर तुटतो. ते गायन पुन्हा तसेच होणे नाही. गोव्यात घरोघरी भजन, नाट्यगीत वा घुमटवादन मुद्रित करणाऱ्यांवरही हाच प्रसंग ओढवतो.

हा खंड, म्हणजेच ‘ड्रॉपआउट’, का पडतो हे समजण्यासाठी नळाखालच्या कळशीचे उदाहरण पुरेसे आहे. ऑडिओ इंटरफेस स्वराचे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतो. हे नमुने आधी ‘बफर’ नावाच्या तात्पुरत्या साठ्यात जमतात. साठा भरला की संगणकाने तो उचलून न्यायचा असतो. कळशी भरली आणि ती उचलणारा वेळेवर आला नाही, तर पाणी सांडते. येथे सांडतात ते नमुने, आणि ते परत मिळत नाहीत. संगणक एकूण वेगवान असून भागत नाही. प्रत्येक वेळी तो वेळेवर यावा लागतो.

कळशीचा आकार वापरणाऱ्याच्या हाती असतो. ४८,००० नमुन्यांच्या दराने ६४ नमुन्यांचा बफर सुमारे १.३ मिलिसेकंदांत भरतो, २५६ चा ५.३ मिलिसेकंदांत, तर १०२४ चा सुमारे २१ मिलिसेकंदांत. बफर लहान असेल तर गायकाला आपला आवाज हेडफोनमध्ये जवळजवळ तत्काळ ऐकू येतो. पण संगणकाला श्वास घेण्यास उसंत मिळत नाही. बफर मोठा केला की खंड कमी होतात. मात्र आवाज उशिरा कानी येऊन गायक गोंधळतो. यावर उपाय म्हणजे इंटरफेसवरील ‘डायरेक्ट मॉनिटरिंग’. त्यात गायकाचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये पोहोचतो. मग बफर ५१२ किंवा १०२४ ठेवण्यास हरकत नसते.

दुरुस्तीपूर्वी दोषाचे निदान हवे. मुद्रित भाग दोनदा ऐकावा. ‘टक्’ आवाज दोन्ही वेळा त्याच जागी आला, तर दोष मुद्रणात उतरला आहे. जागा बदलत असेल, तर मुद्रण शाबूत असून केवळ ऐकविताना संगणक अडखळतो आहे. नंतर ध्वनिलहरीचे चित्र मोठे करून पाहावे. लहर मध्येच सपाट झाली किंवा एकदम उडी मारून पुढे गेली असेल, तर तो खंड. लहरींची शिखरे छाटल्यासारखी सपाट दिसत असतील, तर मायक्रोफोनची पातळी अति झाली आहे. बफर वाढवून तो दोष जात नाही. सतत येणारी घरघर बहुधा विजेच्या जोडणीतून येते. तो विषयही निराळा.

खंडच असल्याचे निश्चित झाल्यावर एका वेळी एकच बदल करावा. प्रथम बफर वाढवावा. विंडोजवर इंटरफेसच्या निर्मात्याचा एएसआयओ ड्रायव्हर निवडावा. मॅकवर कोअर ऑडिओ मुळातच असते. इंटरफेस आणि मुद्रणाचा प्रोग्राम यांचा नमुना-दर एकच आहे ना, ते पाहावे. यूएसबी हब काढून केबल थेट संगणकाला जोडावी आणि शक्य तर बदलून पाहावी. लॅपटॉप चार्जरवर ठेवून वीजबचतीची व्यवस्था बंद करावी. विंडोजमधील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ ही सोयही बंद करावी. वाय-फाय, ब्लूटूथ, क्लाउडवर होणारी साठवण आणि आपोआप येणारी अपडेट्स मुद्रणापुरती थांबवावीत. वाय-फायचा ड्रायव्हर अनेकदा प्रोसेसरला नको त्या क्षणी अडवून धरतो. विंडोजवर असा अडथळा ‘लेटन्सीमॉन’ या प्रोग्रामने हुडकता येतो.

हार्ड डिस्कला दोष देण्याची घाई करू नये. ४८,००० दराने २४ बिटांचे आठ ट्रॅक एकाच वेळी मुद्रित केले, तरी सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबाइट एवढेच लिहावे लागते. सुस्थितीतील जुनी डिस्कही ते पेलते. मात्र ती जवळजवळ भरलेली असेल किंवा त्याच वेळी इतर कामांत गुंतलेली असेल, तर अडचण येऊ शकते. रिव्हर्बसारखे प्रोसेसरवर भार टाकणारे परिणाम मुद्रणानंतर जोडणे इष्ट.

प्रत्येक बदलानंतर चाचणी घ्यावी. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यासारखे उत्तम साधन नाही. त्याचा अखंड नाद अर्धा तास मुद्रित करावा. सलग स्वरात बारीकशी फटही कानाला लगेच खटकते. तबल्याच्या बोलांत तोच दोष लपून जाऊ शकतो. ही चाचणी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, त्याच लॅपटॉपवर आणि त्याच केबलने व्हावी. गायक समोर बसल्यावर कोणतीही नवी सेटिंग करू नये.

गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर यांचे ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले. ते जपले गेले म्हणूनच पाठविता आले. आज घरच्या खोलीत एखाद्या जुन्या गायकाची दुर्मीळ बंदिश मुद्रित होते, तेव्हा तिची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते. म्हणून सगळी खबरदारी घेतल्यावरही शेजारी दुसरे मुद्रणयंत्र, निदान विमान मोडवर ठेवलेला मोबाइल, चालू ठेवावा. त्याचा आवाज तितका सुरेल नसेल. पण जेथे लॅपटॉपवर फट पडली, तेथील स्वर त्यात सापडेल.