पकड, पंच आणि न्यायाचे माप

हुतूतूच्या डावात चढाईला आलेल्या गड्याला पकडावे, पाडावे, चौघांनी मिळून जखडून टाकावे. एवढी मोकळीक नियमांनीच दिलेली आहे. परंतु त्याचे तोंड दाबू नये, गळा आवळू नये, पायांची कात्री घालू नये, असेही तेच नियम बजावतात. पकडीच्या प्रत्येक खेळात अशी एक मर्यादा आखावी लागते. तिच्या अलीकडे मर्दुमकी, पलीकडे अपराध. ही मर्यादा कागदावर आखणे फारसे कठीण नाही. धावत्या सामन्यात, क्षणार्धात, आणि दर वेळी त्याच जागी ती ओळखणे मात्र अतिशय कठीण आहे. ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा आणि उत्तर इंग्लंड येथे लोकप्रिय असलेल्या रग्बी लीग ह्या खेळात ह्याच प्रश्नाने अलीकडे मोठा वाद माजविला आहे.

रग्बी म्हटले की आपल्याकडे मुंबई जिमखान्यावरचा खेळ आठवतो. तो रग्बी युनियन, पंधरा गड्यांचा. लीग ही त्याचीच फुटून निघालेली शाखा. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधील क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी मूळ संघटनेशी फारकत घेतली. कारण होते पोटाचे. खाणीत आणि गिरणीत राबणारा गडी शनिवारी सामन्याला गेला की त्याची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, असे ह्या क्लबांचे म्हणणे होते. हौशी खेळाडूने पैसा घेऊ नये, असा मूळ संघटनेचा हट्ट होता. पुढे १९०६ साली नव्या शाखेने गड्यांची संख्या १३ वर आणली, आणि १९०८ साली सिडनीतही तिची स्पर्धा सुरू झाली.

ह्या खेळाचे गणित सोपे आहे. चेंडू हाती असलेला गडी पुढे धावतो, बचाव करणारे त्याला पकडून पाडतात. पडलेला गडी उठून चेंडू पायाने मागे सारतो आणि पुन्हा चढाई सुरू होते. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू प्रतिपक्षाच्या ताब्यात जातो. पण मौज अशी की, प्रत्येक पकडीनंतर बचावाच्या फळीला १० मीटर मागे सरकावे लागते. पडलेला गडी चटकन उठला तर ही फळी जागेवर पोहोचण्यापूर्वीच पुढली चढाई अंगावर येते. म्हणून त्याला नुसते पाडून भागत नाही. दोन क्षण जास्त दाबून धरावे लागते. त्याचप्रमाणे, पडता पडता त्याने चेंडू सोबत्याकडे फेकू नये म्हणून त्याचे हातही अडकवावे लागतात.

धोक्याचे मूळ येथे आहे. पायांना मिठी घालून गडी पडतो, पण त्याचे हात मोकळे राहतात. म्हणून पकडणारे छातीवर जातात, आणि तेही एकट्याने नव्हे तर दोघे-तिघे मिळून. काही संघांनी तर ह्यासाठी कुस्तीचे शिक्षक नेमले. आता छाती आणि हनुवटी ह्यांत अंतर ते किती? फार तर वीतभर. शंभर किलोंच्या आसपास वजनाची दोन शरीरे धावत समोरासमोर येतात, त्यांतला एक जण ऐन क्षणी वाकतो किंवा घसरतो, आणि छातीवर जायचा हात जबड्यावर आदळतो. बऱ्याच वेळा ह्यात दुष्टपणा नसतो. परंतु मेंदूला बसणारा हिसका हेतू विचारून बसत नाही.

उंचावरच्या ह्या पकडीखेरीज आणखीही काही प्रकार निषिद्ध मानलेले आहेत. गड्याला उचलून कमरेपासून उलटा करणे, म्हणजे तो डोक्यावर वा मानेवर पडतो. खाली वाकलेल्या गड्याची मान आपल्या भाराने दुमडणे. मागून धरून आपल्या कमरेचा सगळा भार त्याच्या पायांवर टाकणे, ज्यामुळे घोटा किंवा गुडघा निखळतो. आणि हात न पसरता नुसत्या खांद्याने धडक देणे. हा शेवटचा प्रकार ऑस्ट्रेलियातील खेळात फार काळ शौर्याचा मानला जात होता. तेथील नियामक मंडळाने २०१३ च्या हंगामापासून त्याच्यावर बंदी घातली. तरीही २०१५ च्या जून महिन्यात क्वीन्सलँडमधील एका सामन्यात अशा धडकेनंतर जेम्स अ‍ॅकरमन हा २५ वर्षांचा गडी मरण पावला. नियम पुस्तकात आला म्हणजे तो अंगवळणी पडला असे होत नाही, हे ह्या दुर्दैवी घटनेने दाखविले.

पंचाच्या हाती शिक्षेच्या चार पायऱ्या असतात. पहिली, प्रतिपक्षाला मोकळा चेंडू देणे. दुसरी, दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरून प्रकरण नोंदविणे, म्हणजे सामन्यानंतर त्याची चौकशी होते. तिसरी, गड्याला १० मिनिटे बाहेर बसविणे. चौथी, त्याला उरलेल्या सामन्यासाठी घालवून देणे. बाहेर गेलेल्याच्या जागी दुसरा येत नाही. संघाला १२ जणांनिशी झुंजावे लागते. सामना ८० मिनिटांचा. त्यामुळे तिसरी पायरी आणि चौथी पायरी ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि सगळी भांडणे बहुधा तेथेच होतात.

पूर्वी हा प्रश्न इतका तीव्र नव्हता, कारण सोसण्यालाच भूषण मानण्याचा काळ होता. १९७० च्या सिडनीतील अंतिम सामन्यात साउथ सिडनी संघाचा कर्णधार जॉन सॅटलर ह्याचा जबडा आरंभीच एका ठोशाने मोडला. तो तसाच अखेरपर्यंत खेळला आणि त्याच्या संघाने मॅनली संघाला २३–१२ असे हरविले. आजही ती गोष्ट तेथे अभिमानाने सांगतात. सांगताना सॅटलरच्या धैर्याची स्तुती होते. तो ठोसा मात्र कथेच्या ओघात मागे पडतो. १९८३ साली क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स ह्या सामन्यात लेस बॉइड ह्याने डॅरिल ब्रोमन ह्याचा जबडा मोडला, तेव्हा त्याला १२ महिन्यांची बंदी झाली. म्हणजे शिक्षा होतच नव्हती असे नाही. पण ती उघड गुंडगिरीला होई. चुकलेल्या पकडीचे माप ठरलेले नव्हते.

ते ठरविण्याची निकड एका अपघाताने निर्माण केली. २४ मार्च २०१४ रोजी मेलबर्न येथे न्यूकॅसल संघाचा अ‍ॅलेक्स मॅकिनन हा २२ वर्षांचा गडी तिघांच्या पकडीत उचलला गेला आणि डोक्यावर पडला. त्याच्या मानेचे मणके मोडले. त्याचे क्रीडाजीवन तेथेच संपले. पकड करणाऱ्यांपैकी जॉर्डन मॅक्लीन ह्याला सात सामन्यांची बंदी झाली. त्यावर दोन तट पडले. एका तरुणाचे आयुष्य बदलून गेले असता सात सामने म्हणजे काय, असे एका बाजूचे म्हणणे. अशा पकडी दर आठवड्याला होतात, बहुतेक गडी उठून खेळू लागतात आणि पकडणाराला थोडक्यात सोडले जाते. मग ह्या एकालाच परिणामाची शिक्षा का, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. ह्या वादात मूळ प्रश्न उघडा पडला. शिक्षा कृत्याला द्यावयाची की दुखापतीला?

दरम्यान वैद्यकाचे ज्ञान वाढत होते. डोक्याला पुन्हा पुन्हा बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदूचा हळूहळू ऱ्हास होतो, हे दिवंगत खेळाडूंच्या मेंदूंच्या तपासणीतून दिसू लागले. २०२२ साली निधन पावलेले माजी खेळाडू आणि मार्गदर्शक पॉल ग्रीन ह्यांच्या मेंदूतही हा विकार आढळला. मोडलेला जबडा जुळतो. हा विकार बरा होत नाही. तेव्हा डोक्याचे रक्षण हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न उरला नाही.

ह्या जाणिवेतूनच मे २०२१ मध्ये तेथील मंडळाने ऐन हंगामाच्या मध्यावर पंचांना कडक आज्ञा दिली की, डोक्याला वा मानेला होणारा जोरकस स्पर्श खपवून घेऊ नये. त्या आठवड्यात सर्व संघांचे सामने ब्रिस्बेन येथे एकाच मैदानावर होते. आठ सामन्यांत तीन गडी पूर्ण सामन्यासाठी घालविले गेले आणि १४ जणांना १० मिनिटे बाहेर बसावे लागले. प्रेक्षक गोंधळले, मार्गदर्शक संतापले. गेल्या आठवड्यापर्यंत ज्याला नुसता मोकळा चेंडू मिळत होता, त्याच पकडीला आज हकालपट्टी कशी, ही त्यांची तक्रार निराधार नव्हती.

पुढे तीन महिन्यांनी उलट तक्रार आली. २७ ऑगस्ट २०२१ रोजी साउथ सिडनीच्या लॅट्रेल मिचेलच्या पकडीत रूस्टर्स संघाच्या जोसेफ मनूचे गालाचे हाड मोडले. मिचेलला फक्त १० मिनिटे बाहेर बसविण्यात आले. पुढे चौकशीत त्याला सहा सामन्यांची बंदी झाली आणि अंतिम सामनाही त्याला मुकावा लागला. म्हणजे मैदानावर अपराध मध्यम, आणि चौकशीत तो भारी. रूस्टर्सचे मार्गदर्शक ट्रेंट रॉबिन्सन ह्यांनी पंचगिरीवर कडक टीका केली म्हणून २०,००० डॉलर दंड झाला. बंदीचा लाभ पुढच्या प्रतिस्पर्ध्यांना मिळाला. ज्या संघाचा गडी जायबंदी झाला, त्याच्या पदरात मात्र ती १० मिनिटेच पडली.

ह्या विसंगतीचा सगळा दोष पंचांच्या डोळ्यांना देणे अन्यायाचे होईल. २०१६ पासून सिडनीतील एका मध्यवर्ती कक्षात बसलेले अधिकारी चित्रफीत पाहून मैदानावरील पंचाला साहाय्य करतात. पण यंत्र पाहते, तोलत नाही. मंद गतीने दाखविलेली कृती अधिक हेतुपूर्वक वाटते, हे मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांतही आढळले आहे. अर्ध्या सेकंदाची चूक पडद्यावर पाच सेकंदांचा कट वाटू लागते. त्यात पकडलेला गडी निपचित पडला तर पाहणाराचे मन आणखी झुकते. तो लगेच उठला तर तीच पकड किरकोळ भासते. वर प्रसंगाचे दडपण असतेच. अंतिम सामन्यात, पहिल्या दहा मिनिटांत, हजारो प्रेक्षकांसमोर गड्याला घालवून देणे म्हणजे सामना बिघडविणे, अशी भीती पंचाच्या मनात शिरते.

म्हणून सुसंगती म्हणजे दर वेळी तीच शिक्षा नव्हे, तर दर वेळी तेच प्रश्न. स्पर्श प्रथम डोक्याला झाला काय? हात पसरलेला होता की आवळलेला? वेग किती होता? धावणारा स्वतःच खाली आला काय? ह्या प्रश्नांची उत्तरे निरनिराळी येतील आणि शिक्षाही निरनिराळ्या होतील. परंतु गड्याला आपले माप आधीच ठाऊक राहील. माप ठाऊक नसले म्हणजे तो पकडीचा जुगार खेळतो. नऊ वेळा निभावते, म्हणून दहाव्यांदाही हात उंच जातो. शिक्षेच्या कडकपणापेक्षा तिची निश्चिती माणसाला अधिक आवरते, हे शाळेच्या वर्गात जितके खरे, तितकेच मैदानावरही.

ह्या दृष्टीने ५ जून २०२४ ची रात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. सिडनीत न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड ह्यांच्या वार्षिक मालिकेचा पहिला सामना होता. आठव्याच मिनिटाला जोसेफ सुआलीई ह्या नवोदित गड्याची धडक क्वीन्सलँडच्या रीस वॉल्शच्या डोक्याला बसली. पंच अ‍ॅश्ली क्लाइन ह्यांनी घरच्या संघाच्या त्या गड्याला सामन्यातून घालवून दिले. ह्या मालिकेच्या इतिहासात इतक्या लवकर कोणालाही हा दंड झाला नव्हता. १२ गड्यांनिशी उरलेला न्यू साउथ वेल्स संघ ३८–१० असा हरला, आणि सामना मारला गेला म्हणून पुष्कळांनी हळहळ केली. परंतु पुढले दोन्ही सामने त्याच संघाने जिंकून मालिका आपल्याकडे नेली. त्या रात्री एका संघाचे नुकसान झाले खरे. पण मोठ्या सामन्याला वेगळे माप नाही, एवढी गोष्ट प्रत्येक पकडणाऱ्याच्या कानावर पोहोचली. तिची आठवण पुढल्या साध्यासुध्या सामन्यातही तितकीच ताजी ठेवणे, हे आता पंचांचे काम आहे.