कडधान्यातले तण : औषध घेण्यापूर्वी त्याची जात ओळखा

आमचा धंदा कापडाचा. तरीही या पानावर तणनाशकांविषयी लिहीत आहोत, कारण रत्नागिरीच्या बाजारपेठेत दुकान किंवा कारखाना चालविणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची गावाकडे थोडीफार जमीन आहे. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर तेथे वाल, कुळीथ, चवळी पेरली जाते. दाणा घरात येतो आणि पाला-भुसा गुरांना व शेळ्यांना मिळतो. बेणणीला मजूर मिळत नाही, म्हणून हाती पंप घेतला जातो, आणि नुकसान तेथेच होते.

हे नुकसान आम्ही स्वतः सोसले आहे. काही वर्षांपूर्वी दहा गुंठ्यांत चवळी केली होती. भाताच्या शेतात टू-फोर-डी मारलेला पंप नुसता विसळून चवळीत वापरला गेला. थोड्याच दिवसांत शेंडे पिळवटले, पाने वाटीसारखी वळली. दाणा गेला आणि चाराही गेला. दुकानदाराने फसविले नव्हते. आम्हीच काही विचारले नव्हते.

प्रश्न असा की, एकच औषध एका पिकाला तारते आणि दुसऱ्याला मारते, हे कसे? भात हे गवताच्या कुळातील पीक आहे. टू-फोर-डी मुख्यतः रुंद पानांच्या वनस्पतींवर चालते, म्हणून भातात ते उपयोगी पडते. वाल, चवळी, कुळीथ, लसूणघास ही सर्व रुंद पानांची. त्यांच्यासाठी ते विषच होय.

परदेशातील कडधान्यवर्गीय कुरणांत हीच अडचण होती. इंग्लंडमधील वाय कॉलेजचे शास्त्रज्ञ लुई वेन यांच्या संशोधनातून १९५० च्या दशकात टू-फोर-डीबी हे औषध पुढे आले. ते मुळात तण मारीत नाही. अनेक तणे आपल्या अंगातच त्याचे टू-फोर-डी बनवितात आणि मरतात. लसूणघास व क्लोव्हरमध्ये हा बदल फार कमी होतो, म्हणून ती वाचतात. मात्र प्रत्येक कडधान्याला ते सोसतेच असे नाही.

आपल्याकडे कडधान्यांसाठी दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला, पेंडीमिथॅलीन. पेरणीनंतर, पीक व तण उगवण्यापूर्वी ते जमिनीवर फवारतात. कोंब व मुळांची वाढ ते रोखते, पण उभ्या तणावर त्याचा उपयोग नाही. जमिनीत ओल हवी. वरचा थर सुकला असेल तर पैसे मातीत गेले असे समजावे. दुसरा, क्विझालोफॉप. उगवलेल्या, कोवळ्या गवतावर ते चालते आणि रुंद पानांच्या पिकाला सहसा इजा करीत नाही. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण तो गवत नव्हे. त्यावर या दोहोंचा भरवसा धरू नये. टाकळा तर वाल-चवळीच्याच कुळातला. तो हातानेच उपटावा. ग्लायफोसेट पीक व तण असा भेद करीत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता मर्यादित केला.

आता हिशेब. पेंडीमिथॅलीन ३० टक्के ईसी याचे सोयाबीनसाठी प्रमाण हेक्टरी २.५ ते ३.३ लिटर असते. हेक्टर म्हणजे सुमारे १०० गुंठे. म्हणजे दहा गुंठ्यांना २५० ते ३३० मिलिलिटर. पाणी हेक्टरी ५०० लिटर धरले तर दहा गुंठ्यांना ५० लिटर, आणि १५ लिटरच्या पंपात ७५ ते १०० मिलिलिटर औषध. अंदाजाने झाकण ओतणे म्हणजे गज न लावता कापड फाडणे होय. वाल-चवळीसाठी हेच आकडे परस्पर लावू नयेत. लेबलावर आपले पीक आहे का ते पाहावे, नसल्यास दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ किंवा तालुका कृषी कार्यालयाकडे विचारावे.

डब्यावरील रंगीत त्रिकोणही वाचावा. लाल सर्वांत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. पक्के बिल घ्यावे. टू-फोर-डीचा पंप वेगळाच ठेवावा. पेंडीमिथॅलीनचा पिवळा-केशरी डाग कापडावरून सहजी निघत नाही, हे आम्ही कापडवाले म्हणून सांगतो. जे कपड्याला लागते ते अंगालाही लागते. हातमोजे, पूर्ण बाह्या व तोंडावर फडके हवे, आणि फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. रिकामा डबा पाण्यासाठी कधीही वापरू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चारा. फवारलेल्या शेतात जनावरे केव्हा सोडावीत, हे लेबल सांगत नसेल तर तो पाला शेळीपुढे टाकूच नये. दाण्यासाठी चालणारे औषध चाऱ्यासाठी चालेलच असे नाही.

आणि शेत दहा-वीस गुंठ्यांचेच असेल, तर औषधाआधी खुरप्याचा विचार करावा. पहिल्या महिन्यात तण काढले की पीक पुढे आपल्या पानांनी जमीन झाकते आणि उरलेले तण दाबते. दोन दिवसांची मजुरी जड वाटते खरी. पण आमच्या त्या चवळीच्या नुकसानीपुढे ती फारच थोडी होती.