कॉकटेल कुठून आलं आणि ‘पंच’ कुठून?

इस्लामपूर परिसरात गळीत हंगाम सुरू झाला की मळी म्हणजे काय हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. साखर काढून उरलेली ही मळी आसवनीत आंबवतात आणि मद्यार्क काढतात. आपल्याकडची रम याच मळीची. कॉकटेल मात्र आपल्याला परक्या मुलखातली गोष्ट वाटते आणि त्याच्या नावाबद्दल वाटेल त्या कथा खपतात.

एक कथा अशी की, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात बेट्सी फ्लॅनगन नावाच्या खानावळवालीने पेल्यात कोंबड्याचं पीस खोचलं, त्यावरून हे नाव पडलं. ही बाई जेम्स फेनिमोर कूपरच्या ‘द स्पाय’ या कादंबरीतली. कादंबरी १८२१ची. त्याआधीच, १८०३ साली, हा शब्द अमेरिकेत छापून आला होता.

दुसरी कथा न्यू ऑर्लिन्सच्या पेशो या औषधविक्रेत्याची. तो अंड्याच्या छोट्या कपात पेय देई, त्या कपाच्या फ्रेंच नावावरून कॉकटेल झालं म्हणे. पेशोचा जन्मच १८०३च्या सुमाराचा. पाळण्यातल्या मुलाने शब्द कसा घडवला? घोड्याच्या शेपटीशी संबंध जोडणारे तर्क अधिक पटतात, पण तेही तर्कच. व्याख्या मात्र पक्की आहे: १३ मे १८०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हडसनच्या एका वृत्तपत्राने वाचकाला उत्तर दिलं की, कॉकटेल म्हणजे मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचं मिश्रण.

आपला खरा धागा कॉकटेलहून जुन्या ‘पंच’ या पेयाशी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांच्या पत्रव्यवहारात १६३२ साली हे नाव येतं. १६७३ साली मुंबईत उतरलेला आणि पुढे जुन्नरपर्यंत गेलेला डॉक्टर जॉन फ्रायर लिहितो की, पाच जिनसा म्हणून ‘पंच’. आपल्या पंचामृतासारखंच. अरक, साखर, लिंबू, पाणी, मसाला हे त्याचे नेहमीचे घटक.

तरी हेही डोळे झाकून मानू नये. १६३८ साली सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने अशाच पेयाची कृती दिली, तीत मद्य, गुलाबपाणी, लिंबूरस आणि साखर, म्हणजे चारच जिनसा. ‘पाच’वरून ‘पंच’ ही व्युत्पत्ती सर्वांत प्रचलित आहे, निर्विवाद नाही. या पेयाच्या सुरुवातीच्या नोंदी भारतातल्या इंग्रज वखारींतल्या आहेत, एवढं मात्र कागदोपत्री दिसतं.

तेव्हा मोबाइलवर एखादी राणी, राजकन्या किंवा कोंबडा घेऊन कॉकटेलची गोष्ट आली, तर पुढे पाठवण्याआधी साल विचारा.