हसता हसता सांगितलेलं दुखणं

आपल्याकडे घरातली बाई आजारी पडते तीसुद्धा सगळ्यांची जेवणं उरकल्यावर! अंगात कणकण असली तर सुंठीचा काढा घ्यायचा, कंबर धरली तर जरा शेकून घ्यायची, आणि कुणी विचारलंच, "काय गं, चेहरा का उतरलाय?" तर "काही नाही हो, जरा दमलेय," असं म्हणून हसून मोकळं व्हायचं. दुखणं अंगावर काढायची शिकवण आपल्याला जणू माहेराहूनच मिळालेली असते.

म्हणूनच, मैत्रिणींनो, आज तुम्हाला एका वेगळ्याच बाईची ओळख करून द्यायची आहे. हिने आपलं दुखणं लपवलं नाही. उलट भरल्या नाट्यगृहात, दिव्यांच्या झोतात उभं राहून ते सांगितलं, आणि सांगता सांगता लोकांना हसवलं!

तिचं नाव टिग नोटारो. अमेरिकेत ती विनोदवीर म्हणून ओळखली जाते. ना वेषभूषा, ना नेपथ्य, ना सोबतीला दुसरं पात्र. हातात माईक घेऊन एकटीने उभं राहायचं आणि नुसत्या बोलण्याने लोकांना हसवायचं. याला तिकडे 'स्टँड-अप कॉमेडी' म्हणतात. आपल्या एकपात्री प्रयोगाची धाकटी बहीणच म्हणा ना! शिवाय टिग पॉडकास्टही करते. पॉडकास्ट म्हणजे मोबाईलवर आपल्या सवडीने ऐकायच्या गप्पा. दुपारी आकाशवाणीवरचं 'वनिता मंडळ' ऐकत ज्यांनी गहू-तांदूळ निवडलेत, त्यांना यातली गोडी वेगळी सांगायला नको.

टिगचा जन्म २४ मार्च १९७१ चा, मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरातला. पाळण्यातलं नाव मॅथिल्ड. पण तिच्याहून थोडासाच मोठा असलेल्या भावाला ते उच्चारता येईना. त्याच्या बोबड्या जिभेवर 'टिग' आलं आणि तेच कायमचं चिकटलं. आई-वडिलांचा घटस्फोट झाला, आईने दुसरं लग्न केलं आणि पुढे हे कुटुंब टेक्सासला गेलं. आई मोठी हौशी आणि हसरी. लेकीने मनाला येईल ते करावं असं म्हणणारी. अभ्यासात मात्र लेकीचं काही खरं नव्हतं. एकदा नाही, अनेकदा नापास झाली आणि शेवटी तिने शाळाच सोडली.

आता सांगा, अशा मुलीचं पुढे काय होणार, ही काळजी कुठल्या आई-बापांना वाटणार नाही? तिच्या सावत्र वडिलांनाही वाटली. ते वकील, शिस्तीचे. तिने विनोदाचं खूळ सोडावं आणि व्यवसायाचं काही शिक्षण घ्यावं, असा त्यांचा आग्रह. टिगने पुढे सांगितलंय की, कित्येक वर्षांनी याच वडिलांनी डोळ्यांत पाणी आणून आपली चूक कबूल केली. आपण कोण आहोत हे मुलांनी आई-बापांना शिकवायचं नसतं, तर आपलं मूल कोण आहे हे आई-बापांनी शिकून घ्यायचं असतं, असं ते म्हणाले. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत आपण सगळ्यांनी मनात घोळवावं असंच हे बोलणं नाही का?

टिग आधी डेन्व्हरला गाण्याबजावण्याच्या मंडळींची कामं बघत होती. मग लॉस एंजेलिसला आली आणि तिथे विनोद सांगायला उभी राहिली. तिची रीत अगदी निराळी. चेहरा मख्ख, आवाज संथ, मध्येच लांबलचक थांबणं. दूरदर्शनच्या एका कार्यक्रमात तर तिने एक स्टूल रंगमंचावरून नुसतं इकडून तिकडे सरकवलं. त्याच्या करकर आवाजावरच लोक हसून बेजार! २०११ मध्ये तिच्या विनोदांचं पहिलं ध्वनिमुद्रण निघालं आणि त्याच वर्षी दोघा मित्रांबरोबर 'प्रोफेसर ब्लास्टऑफ' हा पॉडकास्टही सुरू झाला. गाडी कुठे रुळावर आली होती.

आणि मग २०१२ साल उजाडलं.

आधी टिगला न्यूमोनिया झाला. त्यातून उठते न उठते तोच आतड्यांचा जीवघेणा संसर्ग. हॉस्पिटलातून घरी येऊन थोडे दिवस होतात तोच आई घरात पाय अडखळून पडली, डोक्याला मार लागला आणि गेली. ज्या व्यक्तीशी मन जुळलं होतं तिच्याशीही याच दिवसांत फाटलं. आणि जुलैच्या अखेरीस डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही स्तनांत कर्करोग आहे. जेमतेम चार महिन्यांत हे एवढं सगळं! एकेका घावाने माणूस आडवा व्हावा.

३ ऑगस्ट २०१२ रोजी लॉस एंजेलिसच्या 'लार्गो' या छोट्या नाट्यगृहात तिचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता. रद्द केला असता तर कुणी बोल लावला नसता. ती गेली. माईकसमोर उभी राहिली, सगळ्यांना नमस्कार-चमत्कार केला आणि त्याच सुरात सांगून टाकलं की मला कर्करोग झालाय. लोकांना वाटलं, विनोदच असेल. काही हसले, काही चपापले. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की बाई खरंच बोलतेय.

सुमारे अर्धा तास ती बोलत होती. आई गेल्यावर हॉस्पिटलने टपालाने एक प्रश्नावली पाठवली होती, तीही आईच्याच नावे. आमच्याकडचा तुमचा मुक्काम कसा झाला, असं त्यात विचारलेलं! टिगने हेसुद्धा सांगितलं. देव सोसवेल तेवढंच दुःख देतो म्हणतात ना? मग देवाने वरून पाहिलं असेल आणि हिला अजून थोडं सोसवेल असा हिशेब केला असेल, असंही तिने सुनावलं. श्रोते हसत होते आणि डोळेही पुसत होते. शेवटी तिलाच वाटलं, फार झालं, आता आपले नेहमीचे हलकेफुलके विनोद सांगावेत. तर लोक म्हणाले, नको, हेच सांग!

त्या रात्रीची बातमी वाऱ्यासारखी पसरली. ऑक्टोबरमध्ये ध्वनिमुद्रण विक्रीला आलं आणि पुढे ग्रॅमी पुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोचलं. दरम्यान शस्त्रक्रिया होऊन दोन्ही स्तन काढावे लागले. कृत्रिम स्तन बसवून घ्यायला टिगने नकार दिला. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कार्यक्रमात तर तिने अंगातला शर्ट काढला आणि छातीवरचे व्रण दिसत असताना आपले नेहमीचे विनोद सांगत राहिली. थोड्या वेळाने लोकांचं व्रणांकडे लक्षही राहिलं नाही. आपल्याला हे धाडस कदाचित झेपणार नाही, आणि तसं कुणी करायलाही नको. पण शस्त्रक्रियेनंतर आरशासमोर उभं राहायला घाबरणारी बाई आपल्याही ओळखीत असतेच. तिला ही गोष्ट जरूर सांगावी.

पुढे टिगचा संसारही मांडला गेला. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिने स्टेफनी ॲलिन या अभिनेत्रीशी लग्न केलं. दोन बायकांचं लग्न, हे काहीजणींना नवलाचं वाटेल. पण २०१६ मध्ये जुळे मुलगे झाल्यावर त्या घरातही तुमच्या-आमच्यासारखीच जागरणं झाली असणार! त्याच वर्षी तिचं आत्मकथन आलं, आणि आईच्या मृत्यूनंतर गावी परतलेल्या बाईची 'वन मिसिसिपी' ही मालिकाही आली. २०२० मध्ये तिने 'डोन्ट आस्क टिग' हा पॉडकास्ट सुरू केला. श्रोत्यांनी आपल्या अडचणी कळवायच्या आणि टिगने पाहुण्यांसह सल्ला द्यायचा. थोडक्यात, आपलं सल्ल्याचं सदरच की! नाव मात्र 'टिगला विचारू नका'. २०२३ पासून दोघा विनोदवीरांबरोबरचा 'हँडसम' हा पॉडकास्टही आला.

तर यातून आपण काय घ्यायचं? विनोद सांगायला सगळ्यांना जमणार नाही. सांगणं मात्र जमेल. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. त्याची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून आपण बोलत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या जणींची, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसती हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासणी झालेल्यांचा आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. ना मोठं यंत्र, ना मोठा खर्च!

तेव्हा स्तनात किंवा काखेत गाठ लागली, कातडीला खळी पडली, स्तनाग्र आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्तासारखा स्राव आला, तर मुलांची परीक्षा, नणंदेचं लग्न, दिवाळीचा फराळ यांतलं काहीही आड येऊ देऊ नका. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नव्हे.

आणि पुढच्या वेळी कुणी आपुलकीने विचारलं, "काय गं, चेहरा का उतरलाय?" तर "काही नाही" म्हणू नका. गॅस बंद करा, जवळ बसवून घ्या आणि खरं काय ते सांगा. हसू येईल की रडू, ते मागाहून बघता येईल.