तापात भ्रम? उतारा नको, दवाखाना गाठा

मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून भिंत करतात. रक्तातली घातक द्रव्ये ती मेंदूत शिरू देत नाही. लघवीचा, छातीचा किंवा जखमेचा जंतुसंसर्ग वाढून सेप्सिस झाला, की शरीराचा प्रतिकारच बेफाम होतो आणि ही भिंत सैल पडते. माणूस असंबद्ध बोलतो, घरच्यांना ओळखत नाही, गुंगीत जातो. हे अंगात येणे नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. आपल्या घरात अंगाऱ्या-उताऱ्याला जागा नाही.

ही भिंत वाचवणारी वेगळी गोळी अजून नाही. वेळेत अँटिबायोटिक, सलाइन आणि लागल्यास ऑक्सिजन, हाच बचाव. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीमाई पुण्यात गेल्या, तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. आज ती ससूनमध्ये मिळतात.

ताप किंवा गार पडलेले अंग, जलद श्वास, कमी लघवी आणि सोबत भ्रम दिसला, तर लगेच १०८ ला फोन करा. म्हाताऱ्यांना कधी ताप येतही नाही. त्यांचे बोलणे बदलले तरी सावध व्हा. बाळंतीण आणि शुगरचे पेशंट यांनाही जपा. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, कुशीवर झोपवा. डॉक्टरांना नक्की सांगा: नीट बोलणे कधी थांबले?